नफा झाला, मग पैसा कुठं गेला? छोट्या उद्योगानं सीए आणि अकौंटंटकडून कोणतं काम करून घ्यावं

एप्रिलचा शेवट होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी वर्षाचा ताळेबंद घेऊन गेले होते. मालकांनी कागद हातात घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, अकरा लाख नफा म्हणताय तुम्ही. मग गेल्या महिन्यात पगाराला मेव्हण्याकडनं पैसं का आणायला लागलं मला?"

मी तोच कागद उलटा केला आणि मागं हातानं लिहायला घेतलं. नफा ११ लाख. त्यात घसाऱ्याचे ३ लाख परत मिळवायचे, कारण घसारा खर्चात धरला तरी खिशातून जात नाही. म्हणजे हातात यायला हवे होते १४ लाख. आता गेलेले बघू. गिऱ्हाइकांकडची येणी वर्षात ८ लाखांनी वाढली. शॉपमधला माल ३ लाखांनी वाढला. मशीनच्या कर्जाचं मुद्दल फिटलं ४ लाख. घरखर्च, मुलीची फी आणि स्वतःचा आयकर मिळून ६ लाख. एकूण २१. कमी पडले ७ लाख, त्यातले ५ लाख बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यावर उचल म्हणून चढले आणि २ लाख मेव्हण्याचे. ते बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "हे मला दर म्हैन्याला पायजे."

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखान्यांचे हिशेब मी बावीस वर्षं लिहिते आहे. मी सीए नाही, सीएंच्या हाताखाली आणि कारखानदारांच्या शेजारी बसून काम करणारी अकौंटंट आहे. या काळात शेकडो मालक बघितले, ज्यांच्यासाठी हिशेब म्हणजे जुलैत विवरणपत्र भरण्यापुरता कागद. भट्टीचं तापमान, बोअरचा टॉलरन्स यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा माणूस स्वतःच्या पैशाकडे वर्षातून एकदा बघतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून काय, कधी आणि कोणाकडून करून घ्यायचं ते क्रमानं सांगते.

आधी माणूस नीट निवडा

रोजच्या नोंदी अकौंटंट करतो. जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं कर सल्लागारही भरतो. पण टॅक्स ऑडिटच्या किंवा कंपनीच्या ऑडिटच्या अहवालावर सही फक्त सीएची चालते. हा व्यवसाय १९४९ च्या कायद्यानं बांधलेला आहे. उत्पादनाचा खर्च काढण्यात ज्यांचा हातखंडा असतो ते कॉस्ट अकौंटंट, त्यांचा कायदा १९५९ चा. कंपनी सेक्रेटरीची गरज मालकी हक्काच्या धंद्याला सहसा पडत नाही. दहा-पंधरा कामगारांच्या शॉपला आठवड्यातून दोन दिवस येणारा अकौंटंट आणि एक सीए एवढं पुरेसं होतं. कास्टिंगचे दर ठरवायला वर्षातून एकदा कॉस्ट अकौंटंटला बोलावलंत तर ती फी सहज वसूल होते.

सीएनं सही केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि अहवालावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा १८ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, असतो. तो २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर तो टाकला की कागद खरा आहे का ते दोन मिनिटांत कळतं. बँकेला प्रमाणपत्र देण्याआधी तुम्हीच एकदा तपासा. फी आणि कामाची यादी पहिल्याच दिवशी लेखी घ्या. "तुमचा जेवढा टॅक्स वाचवीन त्याच्या इतके टक्के" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. सीएच्या आचारसंहितेत, काही ठरावीक कामं सोडली तर, टक्केवारीवर किंवा निकालावर फी ठरवायला बंदी आहे.

आणि एक गोष्ट, जिच्यावरून मी प्रत्येकाशी भांडते. जीएसटी, आयकर आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) या तिन्ही ठिकाणी मोबाईल आणि ई-मेल तुमचाच हवा. मी एकेकाळी ज्यांच्याकडे काम करत होते त्या सल्लागारानं सत्तर-ऐंशी नोंदण्यांना स्वतःचाच नंबर दिला होता. एका फौंड्रीवाल्याची नोटीस त्याच ई-मेलवर चार महिने पडून राहिली. मालकाला कळलं ते थेट बँक खातं गोठल्यावर. त्या दिवशी मालकाचा पडलेला चेहरा मी विसरलेले नाही. आजच लॉगिन करून बघा, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते.

घर, भिशी, पिग्मी आणि धंदा यांचे डबे वेगळे करा

धंद्याचं चालू खाते वेगळं हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण पुढे असते. आपल्याकडे भिशी असते, पतसंस्थेची पिग्मी असते, मेव्हण्याचे हातउसने असतात. भिशी लागली की ती रक्कम सरळ मटेरियलला जाते आणि वहीत कुठेच दिसत नाही. पिग्मीचे रोजचे २०० रुपये खर्चात पडतात. पण पिग्मी हा खर्च नव्हे, ती तुमची ठेव आहे. वर्षाला साठ-सत्तर हजारांचा नफा असा उगाच गायब होतो. वर ती पिग्मी सुटते तेव्हा हे पैसे कुठून आले म्हणून विचारणा होते ती वेगळीच.

उपाय साधा आहे. महिन्याला घरासाठी ठरावीक रक्कम एका तारखेला धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात पाठवा, आणि भिशी-पिग्मी घरच्या खात्यातूनच भरा. धंद्यात पैसे टाकायचे असतील तर ते बँकेतूनच या खात्यातून त्या खात्यात यावेत.

रोखीच्या मर्यादा भिंतीवर लिहून ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च रोखीत दिला तर आयकरात तो खर्च धरत नाहीत; ट्रकभाड्यासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. २०,००० किंवा त्याहून जास्त हातउसने रोखीत घेऊ नका, अगदी सख्ख्या भावाकडूनही. दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. आणि २ लाख किंवा जास्त रक्कम एका व्यवहारापोटी रोखीत स्वीकारायची नाही.

आठवड्याला एक तास, तारेसमोर

बहुतेक शॉपमध्ये टेबलाच्या वर एक वाकवलेली तार असते, तिच्यात बिलं आणि चलनं टोचलेली असतात. ती तार मला प्रिय आहे, कारण तिच्यात काहीच लपत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एक तास काढून त्या तारेचे चार गठ्ठे करा: विक्री, खरेदी, खर्च आणि जॉबवर्कची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर मजुरीनं केलेल्या कामाची, चलनं. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो. अकौंटंटनं यायचं आणि टॅलीत किंवा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करायची.

जॉबवर्कच्या चलनांकडे जास्त लक्ष द्या, कोल्हापूरचा बराच इंजिनिअरिंग धंदा त्यावर चालतो. गिऱ्हाइकाचं कास्टिंग तुमच्या शॉपमध्ये असलं तरी तो तुमचा माल नव्हे. ताळेबंदात तो धरायचा नाही, पण वहीत नगांचा हिशेब हवाच. किती आले, किती परत गेले, किती रिजेक्ट झाले, स्क्रॅप कोणाचं. पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत गेला पाहिजे, नाही तर ज्यानं तो पाठवला त्याच्यावर तो पहिल्या दिवसापासून विक्री समजून कर बसतो. मार्चमध्ये गिऱ्हाइकाचा माणूस "आमचे चारशे नग तुमच्याकडे आहेत" म्हणतो आणि तुमच्याकडे अडीचशेच सापडतात, तेव्हा उरलेल्या दीडशेचे पैसे बिलातून कापले जातात. चलन जपलं असेल तरच भांडता येतं.

फौंड्रीवाल्यांसाठी आणखी एक. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी तुम्हाला भरायचा आहे. आधी जीएसटी पोर्टलवरच्या रोखीच्या लेजरमधून भरा, मग त्याचं क्रेडिट घ्या, म्हणजे भरलेला कर पुढच्या करातून वजा करा. ट्रॉलीवाल्याच्या कच्च्या पावतीवर माल आत आला आणि नोंद राहिली, असं अजूनही फार ठिकाणी चालतं.

महिन्याचं चक्र

ज्यांची उलाढाल गेल्या वर्षी १ कोटीच्या वर होती त्या मालकानं, आणि प्रत्येक कंपनीनं, ठेकेदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा. ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्री-बी (कर भरायचं जीएसटीचं विवरणपत्र). हे अकौंटंटला तोंडपाठ असतं, त्यासाठी तुम्ही डोकं घालायची गरज नाही. तुमचं लक्ष हवं १४ तारखेवर.

त्या दिवशी जीएसटी पोर्टलवर टू-बी, म्हणजे तुमच्या खरेदीच्या बिलांचा तक्ता, तयार होतं. तुमच्या कोणत्या पुरवठादारानं बिल खरोखर टाकलं ते त्यात दिसतं. बिल तिथे नसेल तर क्रेडिट नाही, म्हणजे तो कर तुमच्या खिशातून. म्हणून मी महिन्याच्या ८-९ तारखेलाच मोठ्या पुरवठादारांना फोन लावते, "बिल टाकलं का?" टूलवाले मला बघून हसतात, पण टाकतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. उलाढाल ५ कोटींपर्यंत असली की तिमाही विवरणपत्राची सोय मिळते, आणि बरेच जण ती आनंदानं घेतात. मग मोठ्या कंपनीचा अकौंट्सवाला म्हणतो, "तुमचं बिल दिसत नाही, जीएसटीची रक्कम रोखली." तिमाही पद्धतीत राहूनही पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीतून टाकता येतात. एवढं एक काम केलं की रोखलेली रक्कम महिना-दोन महिने आधी सुटते. तसंच, ज्याच्या बिलाचं क्रेडिट घेतलंत त्याला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं.

२० तारखेनंतर अकौंटंटकडून एक पान मागा. फक्त एक. आज बँकेत किती, सीसी किती वापरली, येणी किती आणि त्यातली किती ६० दिवसांवर, देणी किती, पुढच्या ३० दिवसांत काय येणार आणि काय जाणार. सुरुवातीला सांगितलेल्या मालकांना मी हेच पान देते.

मशीनचा तासाचा दर काढा

हिशेबाच्या माणसाचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे, आणि सगळ्यात कमी लोक इथेच त्याला विचारतात. "शेजारी पाचशे घेतोय, मग आपण पण पाचशे" असा दर ठरतो. एक उदाहरण मांडते. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

२८ लाखांचं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन). दहा वर्षांनी ३ लाख येतील असं धरलं तर वर्षाची झीज २.५ लाख. कर्जाचं व्याज २.४ लाख. ऑपरेटर पगार, पीएफ, बोनस मिळून २.६४ लाख. देखभाल, कूलंट, ऑइल ७२ हजार. जागेच्या भाड्यातला आणि ऑफिसच्या खर्चातला वाटा १.२ लाख. बेरीज ९.४६ लाख. वीज तासाला ८० रुपये.

आता तास. एक शिफ्ट ८ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे २,४००. त्यानं भागलं तर ३९४, वीज धरून ४७४. पाचशेला काम घेतलं की तासाला २६ रुपये सुटतात असं वाटतं. पण सेटिंग, जॉब चढवणं-उतरवणं, लाईट जाणं, ऑपरेटरची रजा, प्रोग्रॅमची वाट बघणं हे सगळं वजा करून मशीन खरोखर कटिंग करतं ते समजा ७० टक्के, १,६८० तास. मग तासाचा खर्च ५६३ आणि वीज ८०, म्हणजे ६४३. पाचशेला घेतलेल्या प्रत्येक तासाला १४३ रुपये तोटा, आणि त्यात टूलचा खर्च अजून धरलेलाच नाही.

ते १,६८० तास माझ्या टेबलावर कळत नाहीत, ते शॉप फ्लोअरवर कळतात. म्हणून मशीनला एक वही बांधा. ऑपरेटरनं जॉब चढवला ती वेळ, सुरू झाला ती वेळ, थांबला तर का. पंधरा दिवसांची वही घेऊन अकौंटंटकडे बसा. एका शॉपमध्ये कळलं की दिवसाला पाऊण तास फक्त इन्सर्ट (टूलची बदलायची पाती) शोधण्यात जातो. कपाट मशीनच्या शेजारी आणलं, आणि गिऱ्हाइकाशी दराबद्दल बोलायच्या आधीच तासाचा खर्च उतरला.

दर वाढवायला गिऱ्हाईक तयार होत नाही, हे मला माहीत आहे. तरी कोणत्या जॉबवर तोटा आहे हे कळलं की कोणत्या जॉबला "नको" म्हणायचं ते कळतं. फौंड्रीत हाच हिशेब किलोवर मांडायचा, आणि चांगल्या निघालेल्या कास्टिंगच्या किलोवर, ओतलेल्या लोखंडाच्या नाही. कोल्हापुरी चपला करणाऱ्या घरात तो जोडावर मांडायचा, आणि त्यात बायकांनी घातलेल्या वेणीचे, शिवणीचे तास पैशात धरायचे. घरचं माणूस म्हणून ते शून्य धरले जातात. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मान वाढला. दरात ती मजुरी मात्र अजून उतरायची आहे.

उधारीचा पाठलाग

महिन्याला १० लाखांची विक्री आणि ७५ दिवसांची उधारी म्हणजे २५ लाख सतत दुसऱ्याच्या घरात. वसुली १० दिवसांनी लवकर झाली तर सव्वातीन लाखांच्या वर मोकळे होतात, आणि सीसीला ११ टक्के व्याज असेल तर वर्षाला ३६ हजारांच्या आसपास वाचतात. वर जीएसटीचा भार आहे: पैसे ७५ दिवसांनी येणार, कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेलाच भरायचा.

कायदा इथे तुमच्या बाजूला आहे, फक्त त्याचा आधार घ्यायला कागद नीट हवा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या: यंत्रसामग्री अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघू. अशा उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. ऑर्डरवर ९० दिवस छापलं म्हणून ही मर्यादा हलत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. निव्वळ व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

खरी धार २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आली. मुदत उलटूनही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी आयकरात धरता येतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकौंट्सवाले स्वतः फोन करतात, "तुमचा उद्यम नंबर पाठवा." १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू झाल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा पत्रात कलम लिहायचं असेल तर सीएला विचारून लिहा.

तुम्ही कोर्टकचेरी करायला घाबरता हे मला ठाऊक आहे. उशिराच्या पैशांची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते, पण ज्याच्यावर सत्तर टक्के धंदा आहे त्याच्यावर तक्रार कोण करणार? म्हणून मी आधी सौम्य वाट धरते. उद्यम क्रमांक आणि "सूक्ष्म उद्योग" हे शब्द प्रत्येक बिलावर छापते. दर तिमाहीला शिल्लक जुळवणीचं पत्र पाठवते, भाषा अशी: "आमच्या वहीप्रमाणे ३१ डिसेंबरअखेर आपल्याकडून रु. ४,१८,६०० येणे आहे. बिलवार यादी सोबत आहे. आमची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून आहे. फरक असल्यास सात दिवसांत कळवावे, ही विनंती." या पत्रानं दोन गोष्टी होतात. कंपन्यांना ४५ दिवसांवरची अशी देणी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला कळवावी लागतात, त्यामुळे तुमचं नाव त्यांच्या यादीत चढतं. आणि न कळवता कापलेल्या डेबिट नोट बाहेर येतात. एका शॉपला अशा पत्रानंतर कळलं की रिजेक्शनपोटी सव्वा लाख आधीच कापले होते आणि मालक ते वर्षभर येणी म्हणून धरून बसले होते.

मोठा खरेदीदार ट्रेड्स या व्यवस्थेवर असेल तर बिल तिथे विकून काही दिवसांत पैसे घेता येतात. व्याज जातं, पण खरेदीदारानं पैसे बुडवले तरी बिल वटवणारी बँक ते तुमच्याकडून मागत नाही. गिऱ्हाइकाच्या अकौंट्स विभागाला एकदा विचारा.

आणि स्वतःच्या पॅटर्नमेकरचे, टूल ग्राइंडिंगवाल्याचे पैसे ३१ मार्चच्या आत द्या. तोही सूक्ष्म उद्योगच आहे, त्याच्याही घरी पगाराची तारीख असते.

बँकेसमोर बसण्याआधी

कर वाचवायला नफा दाबायचा आणि कर्ज मागताना फुगवायचा, हे आता जमत नाही. बँक तुमचं आयकर विवरणपत्र, जीएसटीची उलाढाल आणि खात्यातल्या जमा रकमा शेजारी ठेवून बघते. अंदाजित उत्पन्नाची योजना, जिच्यात उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं, ती छोट्यांना सोयीची आहे. पण पुढच्या दोन वर्षांत मशीन घ्यायचं मनात असेल तर आतापासून पूर्ण वह्या आणि ताळेबंद ठेवा. खरा नफा १४ टक्के असताना सहा दाखवून ठेवला, की हप्ता फेडायची ताकद कागदावर दिसत नाही.

सीसी मागताना एक ढोबळ माप लक्षात ठेवा. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल अंदाजित उलाढालीच्या किमान २० टक्के, ही नायक समितीपासून चालत आलेली पद्धत आहे. पण मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचल यात ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणी बघून ठरणारी उचलीची रक्कम, येते. माल ६ लाख, ९० दिवसांच्या आतली येणी २० लाख, देणी ५ लाख. उरले २१ लाख, २५ टक्के मार्जिन वजा जाता पावणेसोळा लाख. मर्यादा २० लाखांची असली तरी एवढेच उचलता येतात. त्यामुळे दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट वहीवरूनच द्या. मागच्या महिन्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून दिलेलं स्टेटमेंट ऑडिटमध्ये ताळेबंदाशी जुळत नाही, आणि मग सीएलाही तुमच्यासाठी बोलता येत नाही.

तारण नसेल तर सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीबद्दल विचारा. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतच्या कर्जाला ती मिळू शकते. घर गहाण टाकण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा.

पाण्याची आठवण

२००५, २०१९, २०२१. पंचगंगा शहरात शिरली तेव्हा शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतली दुकानं आणि गोदामं पाण्यात गेली. २०१९ नंतर मी एका व्यापाऱ्याबरोबर चिखलातून फायली उपसल्या आहेत. पान उचललं की हातात लगदा यायचा. विम्याचा सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो: पाणी यायच्या आदल्या दिवशी माल किती होता? ज्यांचा साठा सॉफ्टवेअरमध्ये होता आणि बॅकअप बाहेर होता, त्यांचा दावा उभा राहिला. बाकीच्यांना खरेदी बिलांच्या नकला पुरवठादारांकडून गोळा करत फिरावं लागलं.

जूनआधी अकौंटंटकडून हे करून घ्या: बॅकअप क्लाऊडवर, मालाच्या आणि मशीनच्या किमतीप्रमाणे विम्याची रक्कम, आणि विमा उतरवताना जीएसटी धरला आहे का याची खात्री. नष्ट झालेल्या मालाचं क्रेडिट परत करावं लागतं, तेव्हा ती रक्कमही नुकसानच असते.

डिसेंबरची बैठक

सीएबरोबर मोठी बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, विवरणपत्र भरताना फक्त झालेलं लिहिता येतं. १५ डिसेंबरला आगाऊ कराचा ७५ टक्के टप्पा असतो, १५ मार्चला पूर्ण. मशीन घ्यायचं असेल तर मात्र बैठकीची वाट न बघता आधीच विचारा; ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आत ते चालू झालं पाहिजे, कारण १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. टॅक्स ऑडिटची मर्यादा १ कोटी उलाढाल. रोखीचे व्यवहार येण्यात आणि जाण्यात दोन्हीकडे ५ टक्क्यांच्या आत असतील तर १० कोटी. बँकेतून व्यवहार करण्याचा हा रोकडा फायदा आहे. ३१ मार्चला माल स्वतः उभं राहून मोजा, अंदाजानं लिहू नका.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट, कर्जाचं मंजुरीपत्र, उद्यम प्रमाणपत्र, कामगारांची यादी आणि पगार, पहिल्या पाच गिऱ्हाइकांची नावं व त्यांच्याकडची येणी. मशीनची वही सुरू केली असेल तर तीही. आणि टेबलावरची ती तार. बिलं काढून, नीट लावून न्यायच्या नादात लोक दोन महिने घालवतात. तार तशीच उचलून पिशवीत घाला. ज्या क्रमानं कागद टोचले आहेत, त्यावरून कोणत्या आठवड्यात पैसे अडले ते मला दिसतं.